मागनं कोण बघतंय?

मी ड्रॉइंग सर आहे. म्हणजे पगारपत्रकावर आहे. आठवड्याला माझे दोन तास, त्यातला एक गणितवाले सर "पोर्शन राहिलाय हो, समजून घ्या" म्हणत घेऊन जातात आणि दुसऱ्या तासाला मी कुठल्यातरी फळ्यावर रंगीत खडूनं स्वागत लिहीत असतो, वर कन्नडमध्ये, खाली मराठीत, आणि कुठलं अक्षर किती मोठं आलंय ते हेडमास्तर पट्टी घेऊन बघतात.

तर यंदा ठरवलं, बास झाले ते डोंगर, डोंगरामागचा सूर्य आणि नारळाचं झाड. सातवीच्या पोरांना शिल्प शिकवायचं. इमारतीचा आकार शिकवायचा. कागदावर लांबी-रुंदी असते, तिसरी बाजू पण असतेय हे त्यांच्या हाताला कळू दे. माझा उत्साह बघून बायको एवढंच म्हणाली, "चिखलाची कापडं मी धुणार न्हाई."

मातीची अडचण नव्हती. आमच्या खानापूर भागात कौलं, विटा, मडकी ह्यांची माती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली, खानापूरला कुंभारकामाचं सरकारी ट्रेनिंग सेंटरसुद्धा आहे. एका ओळखीच्या कुंभाराकडनं दोन पोती घेतली, बसमध्ये चढवली, कंडक्टरनं पोत्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मातीचं हाफ तिकीट फाडलं.

पहिल्या तासाला सांगितलं, माती कणकेसारखी मळा, आत हवा ठेवू नका, आणि एक फळ करा. कुठलं पण. पेरू करा, फणस करा. त्रेचाळीस पोरं. चाळीस मिनिटांनी बघतोय तर एकोणतीस गणपती. उरलेल्यांनी मोदक आणि उंदीर केले होते, म्हणजे वर्गात आपोआप वाटणी झाली होती. मी म्हटलं अरे फळ सांगितलं होतं की. तर मागच्या बाकावरचा एक जण म्हणतो, "सर, मातीचा हात लागला की गणपतीच येतोय, आम्ही काय करणार." आता ह्याला काय उत्तर देणार, बेळगाव भागातल्या पोराला माती दोनदाच भेटते, चवथीला गणपती म्हणून आणि दिवाळीला किल्ला म्हणून. ऑगस्टच्या अलीकडं दिली की गणपती होणार, पलीकडं दिली की बुरूज. चूक माझ्या टायमिंगची.

पण खरी गंमत पुढं. एक गणपती उचलून फिरवून बघितला तर मागनं सपाट. दुसरा बघितला, सपाट. एकोणतीसच्या एकोणतीस गणपतींना पाठ म्हणून नव्हतीच. त्यांना समजावलं की शिल्प चारी बाजूंनी बघायचं असतंय, त्याला पूर्णशिल्प म्हणायचं, आणि भिंतीला धरून नुसतं पुढं आलेलं असतंय ते उठावशिल्प. मग विचारलं, पाठ का न्हाई केली? मागचा बाकच परत बोलला. "मागनं कोण बघतंय सर? भिंतीलाच लावायचा की."

ह्यावर मी बरंच बोललो. मायकलएंजेलोनं १५०१ ते १५०४ अशी तीन वर्षं घालून सतरा फुटी डेव्हिड केला, दुसऱ्यांनी सुरू करून टाकून दिलेल्या दगडातनं केला, आणि पाठसुद्धा केली, असं सांगितलं. फोटो पण दाखवला. फोटो पुढनं होता आणि डेव्हिडच्या अंगावर कापड नव्हतं, त्यामुळं पाठीचा विषय तिथंच संपला आणि वर्ग पाच मिनिटं बाकाखाली होता.

माती वाळेना. जुलैत आमच्याकडं माणूस वाळत नाही तिथं माती कुठली वाळायला. अकरा दिवस गणपती व्हरांड्यात, त्यावर पांढरी बुरशी, सुपारीएवढे मोदक मात्र कधीच खडखडीत. म्हटलं भट्टीत भाजून घेऊ. एका पालकाची वीटभट्टीची ओळख होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या गेटवर एक आज्जी उभी. पदर खोचलेला, हातात छत्री, ती पण मिटलेली आणि टोक माझ्याकडं.

"मास्तर, तुम्ही म्हणं गणपती भाजणार?"

मी सांगायला लागलो की आज्जी, ती मूर्ती नाही, तो आकाराचा अभ्यास आहे, माती भाजली की दगडासारखी पक्की होते, परत विरघळत नाही.

"विरघळायलाच असतंय ते. गणपती विसर्जन करत्यात. भाजत न्हाईत."

तोवर आणखी चार आज्ज्या आल्या होत्या. हेडमास्तर बाहेर आले, ऐकलं, आणि ज्या वेगानं त्यांनी बाजू बदलली त्या वेगानं आमच्या इथं फक्त सरकारं बदलतात. झालं, ऐन आषाढात शाळेच्या मागच्या हौदावर एकोणतीस गणपतींचं विसर्जन. आरती झाली, गूळखोबरं वाटलं, गणितवाले सर टाळ वाजवत होते आणि त्यांचा तास होता म्हणून कोण काही बोललं नाही. पोरं "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तिसऱ्या दिवशी हौदाचं पाणी सोडून तळातनं सगळी माती परत काढली, न भाजलेल्या मातीचा हा एक गुण, कितीदा पण भिजवा. नवीन पोती आणायला लागली नाहीत. हौदाची मोरी तुंबली ते वेगळं.

मधे साबणाचं कोरीवकाम पण झालं. माती म्हणजे लावत जायचं, दगड म्हणजे काढत जायचं, काढलेलं परत बसत नाही, हे कळायला साबण बरा. एकानं हत्ती काढायला घेतला. सोंड मोडली, म्हणाला रेडा करतो. शिंगं गेली, डुक्कर झालं. पाय गेले, उंदीर. तास संपताना माझ्यापुढं गुळगुळीत गोळा ठेवून म्हणतो, "पिंड, सर." पिंडीला मार्क कापता येत नाहीत. दहापैकी आठ दिले.

इमारतींकडं वळलो ते अंग मोडून घेतलं. कमान का उभी राहते हे सांगायला दोन पोरांना समोरासमोर उभं करून तळहात एकमेकांवर टेकून रेटायला लावलं, पाय मागं सरकायला लागले तसे पायांशी आणखी दोघं आधाराला बसवले, म्हटलं बघा, ओझं नुसतं खाली जात नाही, बाजूला पण ढकलतंय, म्हणून दोन्हीकडं जड भिंत लागते. समजलं सगळ्यांना. मग कुणीतरी आधारवाल्या पोराला गुदगुल्या केल्या आणि कमान माझ्या अंगावर आली. गुडघा अजून वर चढताना बोलतोय.

विजापूरचा गोल घुमट १६५६ चा. घुमटाचा बाहेरनं व्यास ४४ मीटर, मध्ये एक खांब नाही. पोरांचा प्रश्न सरळ होता, "मग पडत कसा न्हाई?" मी फळ्यावर एक चौकोन काढला, त्यावर तिरका फिरवून दुसरा चौकोन काढला आणि सांगायला लागलो की आठ कमानी अशा एकमेकींना छेदून जातात, त्यांच्यामुळं खालच्या चौकोनी खोलीवर वरचा गोल बसतो, आणि सांगता सांगता माझाच गोंधळ झाला, कुठली रेघ वर, कुठली खाली. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, हे तर रांगोळीतली चांदणी की. मी दारात रोज काढतो." (आमच्याकडं मुली काढतो, येतो, जातोच म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी उगाच दचकू नये.) तिनं खडू घेतला, हात न उचलता आठ टोकं काढली, मधे जो आठकोनी तुकडा उरला त्यात गोल ओढला आणि जाऊन बसली. मी बी.एड.ला हे दोन लेक्चर ऐकलं होतं.

मग सहल. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती. १२०४ सालची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज, त्यानं बांधलेलं नेमिनाथाचं देऊळ. आत काळेभोर खांब, असे कातीव की सुताराच्या पोरानं हात फिरवून विचारलं, "ह्यो दगड लेथवर कुणी धरला असंल?" आणि मंडपाच्या छताला दगडाचं उलटं लोंबणारं कमळ. मी म्हटलं पाकळ्या मोजा. ही माझी चूक. त्रेचाळीस पोरं माना मागं टाकून गोल गोल फिरायला लागली, तिघं एकमेकांवर आदळून पडली, एकाला चक्कर, आणि आकडे आले अडुसष्ट, पंच्याहत्तर, ऐंशी, एकानं साडेएकाहत्तर सांगितले. शेवटी तिथल्या एका काकांनी भांडण मिटवलं. बहात्तर. मागच्या काळातले चोवीस तीर्थंकर, आत्ताच्या काळातले चोवीस आणि पुढं होणारे चोवीस.

"पुढचे अजून झाले न्हाईत, तर त्यांची पाकळी आधीच?"

काका जराही विचलित झाले नाहीत. "रिझर्व्हेशन," म्हणाले.

येताना पोरांना म्हटलं, एवढं लांब कशाला, आपल्या गावात मारुतीच्या देवळामागं वीरगळ आहे, लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, ती बघू. जाऊन बघतोय तर वीरगळीला म्हैस बांधलेली. ज्याची म्हैस तो आमच्याच वर्गातला. म्हणाला, "सर, हे आमचं म्हशीचं दगड." म्हैस सोडली, शेण काढलं, खालच्या कप्प्यात लढाई, मधल्यात मेलेल्या वीराला अप्सरा वर घेऊन चालल्यात, वरच्यात तो पिंडीसमोर हात जोडून. दगडात कोरलेली तीन कप्प्यांची सगळी स्टोरी. आणि मागनं? मागचा बाक आधीच मागं जाऊन आला होता. "सर! मागनं कायच न्हाई! नुसतं दगड!" असा आनंद त्याला परीक्षेत पास झाल्यावर पण झाला नसेल.

मग हौदातली माती परत बाहेर काढली आणि प्रत्येकाला वीरगळ करायला सांगितली, आपापला वीर निवडून. कबड्डीतले वीर आले, मिलिटरीतले काका आले, एका कोंबड्याची पण आली. ह्या वेळी भाजायला कुणाची हरकत नव्हती. जाड केलेल्या तीन भट्टीत फुटल्या, आतल्या पाण्याची वाफ झाली की तिला वाट लागते, हे मी चार वेळा सांगितलं होतं.

बाकीच्या व्हरांड्यात मांडल्या त्याच आठवड्यात तालुक्याचे साहेब आले. सगळ्या ओलांडून नेमके मागच्या बाकाच्या वीरगळीपुढं थांबले. "इदु एनु?"

"वीरगळ, सार."

साहेब एकदम खूश. म्हणाले, "वीरगल्लु! कल्लु म्हंजे दगड. शब्द आमचाच आहे की तुमच्याकडं." मग चष्मा वर करून वाचायला लागले. खालच्या कप्प्यात दोन माणसं एक टाइमटेबल दोन्हीकडनं ओढत होती. मधल्यात त्यातल्या एकाला अप्सरा वर घेऊन चालल्या होत्या, त्याच्या हातात खडू. वरच्या कप्प्यात तोच, पिंडीसमोर.

"यार इवरु? कोण हे?"

पोरानं माझ्याकडं बोट केलं. "आमचे सर. ड्रॉइंगच्या तासासाठी मेले."

हेडमास्तर खोकायला लागले. साहेबांनी काही न बोलता वीरगळ उचलली आणि उलटी करून बघितली. मागं सपाट, नुसती ओल्या मातीखाली अंथरलेल्या पेपरची सुरकुती उठलेली.

"हिंद एनू इल्ल? मागं काहीच नाही?"

"हिंद यार नोडतार, सार?"

साहेबांनी थोडा वेळ विचार केला आणि ती परत भिंतीला टेकवून ठेवली. गणितवाले सर तेवढ्यात वाकून खालचा कप्पा निरखत होते. मला कोपरानं ढोसून हळूच म्हणाले, "हा टक्कलवाला मी काय हो?"