उगार्ते कोणी प्यायला?

मंग्याचं म्हणणं, मँचेस्टर युनायटेड यंदा इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पहिल्या चारात. शिरीषचं म्हणणं, गेल्या वर्षी पंधरावा आलास, आधी पहिल्या चौदात ये, मग बोलू.

स्थळ इंदूरच्या रामबागेतल्या चक्कीचा ओटला, वेळ 2025 च्या पंधरा ऑगस्टची संध्याकाळ. सुट्टी म्हणून चक्की बंद, पाऊस नुकताच थांबलेला, आणि रविवारी रात्री नऊला ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड विरुद्ध आर्सेनल. मंग्या सकाळपासून लाल जर्सीत होता. झेंडावंदनालाही तीच घालून गेला असं संजू शेठ सांगतो, आणि मंग्या ते नाकारत नाही.

मंग्या विमा विकतो, त्यामुळे भविष्याबद्दल छातीठोक बोलायची त्याला सवय. दर ऑगस्टमध्ये त्याच्या तोंडून युनायटेड चॅम्पियन होते आणि दिवाळीच्या फराळापर्यंत 'हे वर्ष बांधणीचं आहे' सुरू होतं. 2013 ला मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हापासून ही बांधणी चालू आहे. तेवढ्यात इंदूरची मेट्रोसुद्धा धावायला लागली.

"आकडे बघ ना तू," मंग्या म्हणाला. "गेल्या वर्षी अख्ख्या टीमचे लीगमध्ये 44 गोल. तिकडे दुसऱ्या क्लबांत एकट्या एम्ब्यूमोचे 20 आणि कुन्याचे 15. झाले की नाही 35? आता दोघं आपल्याकडे. वर नवा स्ट्रायकर शेश्को. सहा फूट पाच इंच! बावीस वर्षांचा! हवेतला चेंडू कोण घेणार त्याच्यासमोर?"

"हवेत चेंडू पाठवणार कोण, ते सांग," शिरीष.

शिरीषबद्दल सांगायला हवं. तो महूचा. छावणीत फौजी पोरांबरोबर खेळत वाढला, हाफला, म्हणजे मधल्या फळीत खेळायचा, आणि आता सरकारी दफ्तरात फायलींमागे बसतो. फार बोलत नाही. मी कोणत्याच क्लबचा नाही, मला फक्त चांगलं भांडण आवडतं; पण शिरीष बोलायला लागला की मी मोबाइल खिशात ठेवतो, एवढं कबूल.

त्याने कट चहाचे ग्लास युनायटेडच्या टीमसारखे मांडायला घेतले. रिकामे आणि भरलेले मिळून दहा जमले. मागे तीन, कडेला दोन, पुढे तीन, आणि मधोमध दोन भरलेले. गोलमध्ये त्याने नानांच्या चष्म्याचं घर ठेवलं.

"माझं घर कशाला?" नाना म्हणाले.

"युनायटेडकडे सध्या गोलकीपर नाहीच, नाना. ओनानाची मांडी दुखावली, बायिंदीर आहे तो असून नसल्यासारखा. चष्म्याचं घर निदान बंद तरी होतं."

मग त्याने मधले दोन ग्लास बोटाने सरकवले. "हा कासेमिरो, वय तेहतीस. हा उगार्ते. कॅप्टन ब्रूनोला मागे ओढलं तर यातला एक बाहेर. काहीही कर, मॅनेजर अमोरिमच्या तीन-चार-तीनमध्ये इथे माणसं दोनच. आता समोरून आर्सेनलचे तीन येतात. राईस, ओडेगार्ड, नवा झुबिमेंडी. तिघांना दोघं. कोणाला सोडू?"

"विंगबॅक आत येईल," मंग्या.

शिरीषने कडेचा ग्लास आत घेतला. "आला. आता कडेला त्यांचा साका एकटा आहे. त्याला चहा पाजायचा?"

"मग मागचा एक सेंटर बॅक पुढे येईल."

मागचा एक ग्लास पुढे आला. "बरं. ह्या भोकातून ग्योकेरेस पळतोय. ह्याच अमोरिमच्या हाताखाली पोर्तुगालमध्ये खेळलेला ग्योकेरेस. गुरुजी मँचेस्टरला, चेला आर्सेनलला. चेल्याला काहीतरी माहीत असणार."

मंग्याला उत्तर सुचेना. माणसाला उत्तर सुचत नाही तेव्हा तो हाताला येईल ते उचलतो, तसा त्याने एक ग्लास उचलला आणि दोन घोटांत संपवला.

"उगार्ते प्यायलास," शिरीष शांतपणे म्हणाला. "आता कासेमिरो एकटा. काही फरक पडला का बघ."

नानांना ठसका लागला. संजू शेठने त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि हसत हसत स्वतःच चष्म्याचं घर लाथेने उडवलं, म्हणजे वर एक गोलही झाला.

संजू शेठचा सराफ्यात धंदा. जन्माने मारवाडी, पण आमच्या वाड्यात वाढला, मराठी आमच्याहून स्वच्छ. फक्त हिशोब हिंदीत करतो. क्लब बदलता. मँचेस्टर सिटी जिंकत होती तोवर सिटी, यंदा मे महिन्यात त्याने लिव्हरपूलची जर्सी मागवली. त्याच रात्री साडेबाराला लिव्हरपूलची पहिली मॅच होती आणि तो ती 'आमची मॅच' म्हणत होता. पण हॉटस्टारचा पासवर्ड त्याचा आणि बघणारे आम्ही सगळे, त्यामुळे ह्या विषयावर ओटला सांभाळून बोलतो.

"भिया, माझा मुद्दा वेगळा," संजू म्हणाला. "घेताना सहा-साडेसहा कोटी पौंड एकेकाला. तिघांचे वीस कोटीच्या घरात. ठीक आहे, पैसा त्यांचा. पण विकताना काय केलं? रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी, सँचो, मलासिया. पाच जणांना जाहीर वेगळं काढलं. बाकीची टीम घरी गेल्यावर ह्यांचा सराव. अरे, गिऱ्हाईकाला कळलं की ह्याला मोड आजच विकायची आहे, की कोण भाव देतो? चेल्सीने तर पन्नास लाख पौंड दंड भरला, पण सँचो नको म्हणाले! परत करायला पैसे देणारं गिऱ्हाईक मी बापजन्मात नाही पाहिलं."

"शिस्त असते शेठ, शिस्त!" मंग्या उसळला. "ज्याला मेहनत नको, त्याला जागा नको. अमोरिम जानेवारीतच म्हणाला होता, रॅशफर्डपेक्षा मी माझ्या त्रेसष्ट वर्षांच्या गोलकीपर कोचला बेंचवर बसवीन."

"मग बसवायचा होता," शिरीष म्हणाला. "गोलमध्येच उभा करायचा. ओनानापेक्षा वाईट काय झालं असतं?"

पण नंतर तो जरा गंभीर झाला. त्याचं म्हणणं, रॅशफर्ड सात वर्षांचा असताना त्या क्लबात आला. तो आळसावला असेल, बिघडला असेल, कबूल. जा म्हणायचं तर म्हणा. पण त्याची दहा नंबरची जर्सी काढून कुन्याला दिली, पोराला संध्याकाळच्या अंगणात उभं केलं, आणि शेवटी बार्सिलोनाला उधारीवर पाठवलं. "घरच्या पोराला निरोप द्यायचा तर दिवसाउजेडी द्यावा. अंधारात काढलं की बाकीची पोरंही बघतात. क्लबातच वाढलेला तो मेनू बघत नसेल?"

मला हे पटलं. मंग्याला पटलं नाही. तो म्हणाला, तू फार हळवा आहेस, आणि मोबाइलवर अमेरिकेतले निकाल वाचायला लागला. वेस्ट हॅमला 2-1, बोर्नमथला 4-1, एव्हर्टनशी 2-2, आणि वर एक ट्रॉफी. शिरीष म्हणाला, वॉर्म-अपचंच धरायचं तर मे महिन्यात क्वालालंपूरला आसियानच्या पोरांकडून 1-0 हरलात तेही धर. मंग्या म्हणाला, ते सीझननंतरचं होतं, पोरं थकली होती. "कशाने थकली होती? पंधराव्या नंबरावर जायला चढ लागतो का?"

बिल्बाओत टॉटनमकडून हरलेल्या युरोपा लीग फायनलचा विषय काढायचा नाही असा ओटल्यावर मे महिन्यातच ठराव झालाय. मंग्याचं ब्लडप्रेशर हे कारण. तरी नाना विसरतात. "ती फायनल... पंधराव्याला सतराव्याने हरवलं ती?" असं ते निरागसपणे विचारतात, आणि निरागस माणसाला काही बोलता येत नाही.

नाना आर्सेनलचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा इंदुरी माणूस आर्सेनलचा का, तर इंग्लंडचा क्रिकेटपटू डेनिस कॉम्प्टन. दुसऱ्या महायुद्धात कॉम्प्टन फौजेबरोबर महूला होता आणि आपल्या होळकर टीमकडून रणजी खेळला. 1945 च्या मार्चमधली मुंबईविरुद्धची फायनल, सी. के. नायडू कॅप्टन, होळकरांना जिंकायला 867 हवेत, आणि कॉम्प्टन 249 नाबाद. होळकर तरी 374 धावांनी हरले, पण ते नाना शेवटी आणि घाईघाईत सांगतात. तर हा कॉम्प्टन हिवाळ्यात आर्सेनलचा डावा विंगर! 1948 ची लीग, 1950 चा एफए कप, दोन्ही टीमांत तो. नानांच्या वडिलांनी हे त्यांना सांगितलं, नाना आम्हाला सांगतात, बहुधा दर महिन्याला.

"आणि बोनसचं सांगा की नाना," संजू मुद्दाम म्हणाला.

"हां! असं सांगतात की एका सेठने त्याला कबूल केलं होतं, शंभरच्या पुढे प्रत्येक रनला एवढे-एवढे रुपये. याने केले 249. आत येऊन बघतो तर सेठ गायब! चिठ्ठी ठेवलेली, अर्जंट कामाने कलकत्त्याला जातोय."

"म्हणजे ऍड-ऑन, अट पुरी झाली की द्यायचे वरचे पैसे," शिरीष म्हणाला. "एम्ब्यूमोचे साठ लाख पौंड ऍड-ऑन आहेत ना रे मंग्या? त्याच्या जुन्या क्लबला, ब्रेंटफर्डला सांग, कलकत्त्याकडे लक्ष ठेवा."

मंग्याने मग नानांवर तोफ वळवली. सलग तीन वर्षं दुसरे येणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये, शेवटची लीग 2004 ची, तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं वगैरे. नाना म्हणाले, "दुसरा येतो त्याला निदान पहिला दिसतो. पंधराव्याला कोणाची पाठ दिसते?" पुढची पाच मिनिटं वाया गेली, कारण पंधराव्याच्या पुढे गेल्या वर्षी कोण होतं यावर दोघं भिडले आणि ते कोणालाच नीट आठवेना.

मध्येच शिरीष म्हणाला, "आपण इथे उगार्तेवर रडतोय. आपली स्वतःची लीग होणार की नाही ते माहीत नाही. आयएसएल जुलैपासून लटकलीय, बंगळुरूने पोरांचे पगार थांबवले. खालिद जमीलला भारताचा कोच केलं दोन आठवड्यांपूर्वी, त्याची पोरं सरावाला मैदान कुठलं आणणार? माझ्याकडे रविवारी येणारा एक बारक्या मला विचारतो, सर, फुटबॉलमध्ये पुढे काय आहे. मी म्हटलं, पुढे गोलपोस्ट आहे, तू मार."

"ते सोड रे," मंग्या म्हणाला. "चौथा नंबर फिक्स. युरोप नाही, म्हणजे आठवड्याला एकच मॅच, सराव भरपूर. आणि लीग कपात काय आलंय? ग्रिम्सबी! चौथ्या डिव्हिजनची टीम! गणपतीच्या आठवड्यात आहे. मी बघणारसुद्धा नाही, आरती करून झोपेन."

शिरीषने पैज लावली. हिवाळ्यातल्या गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा सीझन संपेपर्यंत अमोरिम त्या खुर्चीवर असला तर त्याने सगळ्यांना सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू खाऊ घालायचे. मंग्याने लगेच टाळी दिली. नाना म्हणाले, गराडू माझ्या दातांना झेपत नाही, भुट्ट्याचा कीस ठेवा. यावर मतदान झालं आणि नाना हरले.

"आणि टीम निवडण्याबद्दल तू तर बोलूच नकोस," शिरीष मंग्याला म्हणाला, आणि आम्ही सगळे सावरून बसलो, कारण हे प्रकरण जुनं आहे. मंडळाची गल्ली-फुटबॉलची फायनल, चिखल, मंग्या कॅप्टन. त्याने सकाळी शिरीषला बाहेर बसवलं आणि दुसऱ्या मोहल्ल्यातून एक गोलकीपर आणला. आयुष्यात कधी हातमोजे न घातलेला. पाच गोल खाल्ले त्याने. एक तर गोलकिकवर.

"टॅक्टिकल निर्णय होता," मंग्या.

"टॅक्टिकल? त्याच्या बहिणीशी तुझं जमत होतं!"

"मग? जमलं की नाही?"

"म्हणजे ऍड-ऑनसकट वसूल," संजू शेठ म्हणाला. "युनायटेडपेक्षा बरा सौदा."

मंग्यालाच इतकं हसू आलं की त्याने कासेमिरोही सांडला. डोळे पुसत म्हणाला, "रविवारी मॅच माझ्याकडे, सगळ्यांनी यायचं. बायको साबुदाण्याची खिचडी करणारे. मेहुणाही येतोय."

"येऊ दे," शिरीष म्हणाला. "फक्त त्याला दाराशी बसवू नकोस. कोणीही आत शिरेल."