क्षमा केली, म्हणून किल्ल्या परत द्यायच्या का?

सलाम काका,

तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्री तीनदा वाचली आणि उत्तराला आठ दिवस लावले. लगेच लिहिलं असतं तर रागाच्या भरात भलतंच लिहून गेलो असतो. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, ज्यांनी माझ्याकडून दहा आज्ञा पाठ करून घेतल्या त्यांच्याशी तसं बोलणं मला शोभलं नसतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आधीच्या पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) आणि पंचकमिटीच्या काळात काय झालं, ते मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. दुरुस्ती फंडाचा हिशोब लागला नाही, कंपाउंडमधले गाळे २९ वर्षांच्या कराराने परस्पर देऊन टाकले आणि ज्यांनी विचारलं त्यांना गप्प बसवलं. त्यावर काकांचं म्हणणं असं: घरातली धुणी चव्हाट्यावर का धुता? आधीच लोक आपल्याकडे संशयाने बघतात, त्यांच्या हाती कोलीत कशाला देता? पाळक गेले, नवी कमिटी आली, क्षमेची उपासना झाली, मग खपली का काढता? ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन विसरलात का? आणि जे काम प्रार्थनेचं आहे ते कायद्याच्या कलमांनी कसं होणार?

सगळ्यात आधी तुमचं एक म्हणणं मान्य करतो. पाळकसाहेबांच्या घरच्या लग्नातल्या खर्चाबद्दल मी एक वाक्य लिहिलं होतं. त्याचा फंडाशी संबंध जोडायला माझ्याकडे एकही कागद नव्हता, आणि त्यांच्या मुलीचा यात काडीचा दोष नाही. ते वाक्य मी काढलंय. तिला स्वतः फोन करून माफी मागितली. बाकीचा लेख आहे तसाच ठेवतोय.

आता तुमचा तो प्रश्न, ‘तू कोण लागून गेलास?’ काका, मी त्या कमिटीत पंच होतो. सहा वर्षं. त्यातल्या तीन वर्षांच्या ताळेबंदावर माझी सही आहे. उपासना संपली की वेस्ट्रीत, चर्चच्या कामकाजाच्या खोलीत, चहा यायचा, खजिनदार फाइल पुढे सरकवायचे आणि बोटाने जागा दाखवायचे, ‘इथं, इथं आणि मागच्या पानावर.’ दुरुस्ती फंडाच्या ओळीवर व्हाइटनर होता आणि त्यावर वेगळ्या शाईत नवा आकडा. नखाने खरवडून बघावं असं वाटलं होतं. मी सही केली आणि कप उचलला. मला कोणी धमकावलं नव्हतं, कोणी पैसेही दिले नव्हते. पाळकसाहेबांनी माझं लग्न लावलं होतं, आईच्या दफनाला ते भर पावसात कबरीपाशी उभे होते. त्यांच्यासमोर ‘हा आकडा कसा बदलला’ हे विचारायला जीभ उचलली नाही. आमच्याकडे जे बिघडलं ते असं, उपकारांच्या ओझ्याखाली बिघडलं. म्हणून एक माणूस बदलला की सगळं नीट झालं, हे मला पटत नाही. सही करणारे आम्ही सगळे तिथेच आहोत.

आता अभिषिक्तांचं, म्हणजे देवाने निवडलेल्यांचं, वचन. बायबलमधलं स्तोत्र १०५ पुन्हा उघडा आणि १२व्या ओवीपासून वाचा. तिथे गोष्ट चालली आहे अब्राहाम, इसहाक, याकोब यांची. ते संख्येने थोडे होते, परक्या मुलखात उपरे म्हणून भटकत होते. त्यांना हात लावू नका असं देव सांगतो ते राजांना. बळवंताने दुबळ्याला छळू नये म्हणून आलेलं वचन आपण बळवंताला प्रश्न विचारू नये म्हणून वापरायला लागलो. सभेत प्रश्न विचारणाऱ्या विधवा बाईला हे वचन ऐकवलं गेलं, तेव्हा तुम्ही पहिल्या बाकावर होता, मी टेबलापाशी. अभिषिक्त तर दावीद राजाही होता. दुसऱ्याची बायको बथशेबा त्याने घेतली तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर म्हणाला, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ आणि धुणी चव्हाट्यावर धुण्याचं म्हणाल तर स्तोत्र ५१चा मथळा बघा. बथशेबेचं प्रकरण झाल्यावर नाथान दावीदाकडे आला तेव्हाचं हे स्तोत्र, असं तिथे लिहून ठेवलंय. इस्राएलाने आपल्या सगळ्यात लाडक्या राजाचं पाप आपल्या गीतांच्या पुस्तकात घातलं, पिढ्यान्‌पिढ्या गाण्यासाठी. त्याने देवाचं नाव बुडालं नाही. आपण तेच स्तोत्र ईस्टरआधीच्या दर उपवासकाळात डोळे मिटून म्हणतो.

क्षमेबद्दल मात्र मला सावकाश बोलायचंय.

उपवासकाळातली ती उपासना खोटी होती असं मी म्हणत नाही. मी स्वतः रडलो. ज्या माणसाशी दोन वर्षं बोललो नव्हतो त्याला मिठी मारली. नंतर मांडवात चहा झाला आणि सगळ्यांना हलकं वाटलं. पण पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, अर्पणाच्या थैल्या आत गेल्या तेव्हा मोजायला कोण बसलं होतं? तेच जुने खजिनदार. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘अहो, क्षमा झाली ना?’

माझं सगळं म्हणणं या एका उत्तराभोवती आहे. क्षमा करणं ही एक गोष्ट आहे आणि तिजोरीची किल्ली हातात देणं ही दुसरी. पहिली माझ्या मनाची, देवासमोरची. दुसरी विश्वासाची, आणि विश्वास वेळ घेऊन, कागद दाखवून पुन्हा कमवावा लागतो. तुम्ही ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा करा असं लिहिलंत. ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातच आहे ना? त्याच अध्यायात थोडं आधी येशूने रीत सांगितली आहे: भावाला एकांतात सांग, ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. आपण ती तिन्ही पावलं टाळून थेट मिठीपाशी पोचलो. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने तर कुणी मागायच्या आधीच चौपट परत द्यायचं कबूल केलं. आमच्याकडे चौपट राहू द्या, मुद्दल किती होतं हेसुद्धा अजून कुणी फळ्यावर लिहिलेलं नाही.

शिवाय क्षमा मागितली कुणी आणि कुणाला? माईकवर ‘आपण सगळेच चुकलो’ असं म्हटलं गेलं. सगळेच चुकले म्हटलं की नाव कुणाचंच घ्यावं लागत नाही. सभेत जिला खाली बसवलं ती विधवा बाई त्या दिवशी चर्चमध्ये नव्हती. तिला बोलवायला कोणी गेलंच नव्हतं.

हे आपल्याच गावात होतं असंही नाही. ख्रिस्ती वक्ते रवी झकारिया यांची पुस्तकं तुमच्या कपाटात आहेत, माझ्याही. चेन्नईत जन्मलेला आपला माणूस जगभर बोलतोय याचा आपल्याला केवढा अभिमान! मे २०२० मध्ये ते वारले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला: अनेक स्त्रियांशी गैरवर्तन. २०१७ साली एका बाईने तोंड उघडलं होतं, तेव्हा संस्थेने आपल्या माणसाची बाजू घेतली आणि बाईलाच खोटं ठरवलं. इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला. मुलांना अमानुष मारहाण करणाऱ्या एका माणसाची तक्रार २०१३ सालीच वरपर्यंत पोचली होती आणि तिचा नीट पाठपुरावा झाला नाही. दोन्हीकडे गुन्हा एका माणसाचा, पण तो झाकून ठेवणारे हात अनेक, आणि बहुतेक सगळे भले लोक. कोलीत कुठून मिळालं, काका? उघड करणाऱ्यांनी दिलं, की इतकी वर्षं राखेखाली जपून ठेवणाऱ्यांनी?

कायद्याबद्दल. आपली मंडळी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली आहे. आपलं शेड्यूल वन (संस्थेच्या नोंदीचा उतारा) धर्मादाय कार्यालयात कोणीही अर्ज करून बघू शकतो. १९५०चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा कलम ३६ मध्ये साधी गोष्ट सांगतो: ट्रस्टची जागा विकायची, किंवा इमारत वा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्या. शेतजमिनीला ही मुदत दहा वर्षं. आपले गाळे गेले २९ वर्षांनी. मंजुरीचा कागद मागितला तर दाखवला कमिटीचा ठराव. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) धर्मादाय कार्यालयाला द्यायचा असतो. तोही वेळेवर गेला नव्हता, म्हणजे कागदावर जुनी माणसंच मालक. हे ‘बाहेरच्यांचे नियम’ म्हणून झटकू नका. प्रेषित पौल यरुशलेमेसाठी वर्गणी घेऊन निघाला तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला माणूस त्याने सोबत घेतला, या पैशात कुणी दोष लावू नये म्हणून. पौलाला जे कमीपणाचं वाटलं नाही ते आपल्या पंचांना का वाटावं?

आणि कोल्हापूरकराला सभा काय असते हे मी सांगायला नको. कारखान्याची असो की दूध संस्थेची, अहवाल पुरता वाचून व्हायच्या आत ‘मंजूर, मंजूर’ ओरडून सभा उरकणारी मंडळी आपण पाहिलीत. आपणही तेच शिकलो, फक्त ‘मंजूर’च्या जागी ‘आमेन’ आलं. त्यापेक्षा आमच्या गल्लीतलं गणेश मंडळ बरं. वर्गणी किती आली, मांडवाला किती गेली, सगळं फळ्यावर खडूने लिहितात आणि येणारा-जाणारा वाचतो.

नव्या कमिटीने काही चांगलं केलंय, तेही लिहायला हवं. अर्पणाचा क्यूआर कोड आता ट्रस्टच्या खात्याचा आहे; आधी तो एका पंचाच्या मोबाइल नंबरचा होता आणि आम्ही महिनोन्‌महिने तिथे अर्पण टाकत होतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा समजावून सांगायला वकील आणले. मुलाबाबत तसं काही कळलं तर कमिटीची वाट न बघता पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे कलम १९ आमच्यातल्या अनेकांनी पहिल्यांदाच ऐकलं. एवढं केलंय तर आणखी दोन करा. मोजणीला दर रविवारी एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन वेगळी माणसं बसवा, आणि मोजलेल्या रकमेचा सही केलेला कागद त्याच दिवशी दारात लावा. दुसरं म्हणजे तक्रार ऐकणाऱ्या गटात ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसं घ्या. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. प्रेषितांनी ‘कुरकुर करू नका’ म्हटलं नाही. सात जण निवडायला लावले, आणि स्तेफन, फिलिप्प धरून सातही नावं ग्रीक आहेत.

आता आमच्या सभेतल्या त्या विधवा बाईंबद्दल. गेल्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून त्यांची हयात गेली. बायबलमधून त्यांनी दुरुस्ती फंडाच्या पावत्या काढल्या, सुती दोऱ्याने बांधलेल्या. चोवीस. एका पावतीवर ‘अंडी लिलाव’ असं लिहिलेलं. पहिल्या पिकाच्या सणाला त्यांनी दिलेली बारा अंडी त्यांनीच जास्त बोली लावून परत घेतली होती. वहीशी ताडून पाहिलं तर नऊ पावत्यांची नोंदच नाही. तुमचा खपलीचा मुद्दा मी त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘आत पू असला तर आम्ही टाके घालत नव्हतो. वात घालून जखम उघडी ठेवायची, रोज धुवायची, आतून भरत येऊ द्यायची. वरून बंद केली की पेशंटला पुन्हा ताप.’ यिर्मया संदेष्ट्यानेही हेच म्हटलंय ना, शांती नसता ‘शांती, शांती’ म्हणत माझ्या लोकांची जखम वरवर बरी करतात.

पैसे परत मिळावेत असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. निघताना एवढंच विचारलं, ‘मला खाली बस म्हणाले, ते प्रोसिडिंगमध्ये लिहिलंय का?’

मी सोमवारी वही काढून पाहिली. त्या सभेच्या पानावर एकच ओळ आहे: ‘हिशोब सर्वानुमते मंजूर.’ खाली सात सह्या. चौथी माझी.

येत्या रविवारी उपासनेनंतर सभा आहे. त्या पानावरची नोंद चुकीची होती, एका बहिणीने दुरुस्ती फंडाबद्दल प्रश्न विचारला होता, तिला उत्तर दिलं गेलं नाही आणि बोलू दिलं गेलं नाही, अशी दुरुस्ती वहीत घालावी असा ठराव मी मांडणार आहे. तिचं नाव घालायला तिने परवानगी दिली आहे. मी सूचक. अनुमोदक हवा, आणि तो त्या दिवशी सभेत हजर असलेला हवा. काका, तुम्ही होता. तुमचं नाव लिहू का? शनिवारपर्यंत कळवा, किंवा मीच संध्याकाळी घरी येतो.