सातबारा म्हणजे मालकी नव्हे
सातबारा ऑनलाइन झाला, आता जमिनीचे वाद मिटतील, हे एका लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. सातबारा हा महसुलाचा कागद. मालकी ठरवायची ती दिवाणी कोर्टानं. नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरतात, इतकंच (महसूल संहिता १९६६, कलम १५७). खरी गोम फेरफारात, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीत आहे. तलाठी नोंद धरतो, नोटीस काढतो, १५ दिवसांत हरकत आली नाही की मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. आमच्या निफाडकडे कित्येक बहिणींची नावं अशीच मालकाऐवजी 'इतर हक्का'च्या रकान्यात जाऊन बसलीत, आणि नोटीस घेतलेली भावानंच! मग करा प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील. तोवर द्राक्षबागेचा बांध कोरून झालेला असतो. जमीन घेताना नुसता उतारा बघू नका, जुने फेरफार आणि मोजणीची 'क' प्रतही (हद्दी दाखवणारा नकाशा) काढा.