लॉन्सला लागून बंगला घ्याच!

शहरातल्या दोन खोल्यांना कंटाळला असाल तर पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पार टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी एखादं रो-हाऊस घ्याच. आम्ही घेतलंय. तुम्ही तरी का मागे राहावं?

जाहिरातीत ‘स्वारगेट 20 मिनिटांवर’ लिहिलं असेल तर बिनधास्त विश्वास ठेवा. पहाटे 3 वाजता तेवढीच लागतात.

पाण्याची काळजी नको. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर आहे. 2021 मध्ये या बाजूची नांदेड, किरकटवाडी धरून 23 गावं महापालिकेत गेली. 2025 च्या जानेवारीत इथेच जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट वाढले, तेव्हा कळलं की विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून नळाला येत होतं. शुद्धीकरण केंद्र नव्हतंच. धरणाच्या उशाला राहून टँकरवाल्याला ‘दादा, आज येताय ना?’ विचारण्याची मजा मध्यवस्तीतल्यांना काय कळणार!

रस्ता बघू नका. नकाशात आहे तो.

खरी मेख पुढेच आहे. लेआउटमध्ये ‘अमेनिटी स्पेस’, म्हणजे सगळ्यांच्या सोयीसाठी राखलेली जागा, असा हिरवा चौकोन दिसला की त्यालाच लागून असलेलं घर धरा, वर चार पैसे मोजा. आम्ही मोजले. तिथे बाग होणार होती, वाचनालय होणार होतं, ज्येष्ठांसाठी बाकडी तर चित्रात रंगवूनसुद्धा झाली होती. आता तिथे लग्नकार्यांचं लॉन्स आहे. हिरवळ आहे हो, खोटं कशाला बोलू, प्लॅस्टिकची आहे. शिवाय घरबसल्या करमणूक. साखरपुडा, हळद, बारसं, कुठल्याशा भाऊंचा वाढदिवस. परवाच्या हळदीत तर डीजेने मांडणीतली भांडी नाचवली. रात्री 10 नंतर आवाज बंद, निवासी भागात रात्री 45 डेसिबलच्या वर नाही, हा नियम 2000 सालचा. लग्नाच्या वयाचा झाला, पण त्याला कोणी विचारत नाही. त्यात आईला दम लागला. गाडी काढायला गेलो तर फाटकाला आडवी पांढरी गाडी, काचेवर वधूवरांची नावं. माइकवरून नंबर पुकारा म्हटलं, तर डीजेवाला म्हणाला, गाणं संपू दे. गाणं संपलं, दुसरं लागलं. पोलिसांना फोन केला, ‘पाठवतो’ म्हणाले. शेवटी शेजारच्या पोराने आईला स्कूटरवर मधे धरून दवाखान्यात नेलं. आई बरी आहे आता. गाडीचे मालक अकराच्या पुढे उगवले, हातात आइस्क्रीम. म्हणाले, ‘काका, एकच दिवस तर आहे!’

तुमचा एकच दिवस असतो हो. आमचा रोज कोणाचा तरी एकच दिवस असतो!

आणि हे वाचून हसताय ना? गेल्या महिन्यात असल्याच एका लॉन्सवर तुम्हीही होतात. कोणाच्या तरी दारात गाडी लावून, आहेर देऊन, पंगत उठायच्या आत पळालात. फाटकावर ‘गाडी लावू नये’ लिहिलेलं असतं, ते वाचता येत नाही? पत्रिकेवर लॉन्सचं नाव ठळक छापता, मग गाड्या कुठे लावायच्या ते बुकिंग करताना विचारायला काय होतं? बिल्डरने फसवलं, सरकार झोपलंय, सगळं मान्य. पण रात्री साडेदहाला डीजेसमोर जाऊन ‘अजून एक, अजून एक’ ओरडायला बिल्डर आला नव्हता. ते तुम्ही होतात. जरा लाज बाळगा आणि दहा वाजले की घरी जा.