सोबत कोण होतं?

कराडात आमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं, गेली अकरा वर्षं माझं. वारुंजीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान कधीकधी डोक्यावरून घरघरत जातं. (कोयना धरणाच्या कामासाठी १९५५ साली बांधलेला विमानतळ आहे तो.) तेवढ्यापुरती मी तांब्याची तार हातात धरून वर बघते, आणि हल्ली हटकून ॲमी जॉन्सन आठवते.

इंग्लंडमधल्या हल गावच्या मासळी व्यापाऱ्याची पोरगी. विमान चालवायचा परवाना तर तिने काढलाच, पण विमान दुरुस्तीचा, म्हणजे ग्राउंड इंजिनिअरचाही काढला. ब्रिटिश हवाई खात्याकडून तो मिळवणारी ती पहिली बाई, १९२९ साली. मला ती आवडते ती यासाठी. नखांत ग्रीस जाणारी बाई! पुढच्याच वर्षी ५ मेला जिप्सी मॉथ नावाचं विमान घेऊन लंडनजवळून एकटी निघाली आणि २४ मेला ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरली. सुमारे ११ हजार मैल. वाटेत पेट्रोल संपत आलं म्हणून परेडच्या मैदानावर उतरावं लागलं, तेही कुठे, तर आपल्या झाशीत. ते विमान लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवलंय.

पण तिचं नाव काढलं की लोक बोलतात ते तिच्या मरणाबद्दल.

महायुद्धात ती लष्करी विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवायचं काम करायची. त्या कामात बायकांना पुरुषांपेक्षा पगार कमी. तो सारखा झाला १९४३ला. तोवर ही गेलेली. ५ जानेवारी १९४१, कडाक्याची थंडी, हवा खराब. ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला दोन इंजिनांचं विमान न्यायचं होतं. ती पोचलीच नाही. चारेक तासांनी, ठरल्या वाटेपासून कितीतरी लांब, टेम्स नदीच्या मुखापाशी तिने पॅराशूट घेऊन उडी मारली. हॅसलमिअर नावाचं जहाज जवळच होतं. त्याचा कप्तान वॉल्टर फ्लेचर त्या बर्फगार पाण्यात झेपावला, आणि त्यातच तोही गेला. तिची बॅग सापडली. ती नाही सापडली. वय ३७.

कुणाला तरी पाण्यात दोन माणसं दिसल्यासारखी वाटली. झालं! दुसरा कोण? गुप्तहेर? प्रियकर? त्या एका सावलीवर वर्षानुवर्षं चर्चा. ती दुसरी आकृती म्हणजे तिची बॅगच असावी, असंही म्हणतात. मला तेच पटतं. ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने गेलेल्या बाईच्या मरणातसुद्धा लोकांना सोबतीला कुणीतरी हवंच होतं, याचा मला राग येतो. विमानाचं इंजिन खोलून जोडणारी होती ती, हे कुणाच्या तोंडी येत नाही.

राग जरा जास्तच येतो, कारण परवाचीच गोष्ट. उंडाळकडचा एक बाप्या पाच एचपीची मोटर भरायला घेऊन आला. मी स्लॉट साफ करत बसले होते, हातभर वार्निश.

"ताई, मिस्त्री न्हाईत का?"

म्हटलं, उद्या पाचला या.

दुसऱ्या दिवशी पाचला आला. मी त्याच्यासमोर मोटर चालू केली, तिन्ही फेजचा करंट मोजून दाखवला, पैसे घेतले. मोटर खांद्यावर टाकत तो म्हणाला,

"मिस्त्री यून गेलं वाटतं!"