एजन्सी नको, पण मावशी आवर

औषध कंपन्यांसाठी एसओपी, म्हणजे कुठलं काम कसं करायचं याची नियमावली, लिहिणं हा माझा धंदा आहे, हे आमच्या म्हार्दोळात मी अजून कुणाला पटवू शकलेलो नाही. गोळ्या बनवायच्या खोलीत शिरताना कुठला पाय आधी टाकायचा, टोपीखाली केस कसे कोंबायचे, यंत्र पुसताना फडकं वरून खाली फिरवायचं की खालून वर, हे सगळं कारखान्यात लिहून ठेवावं लागतं. म्हणजे कुणालातरी ते लिहावं लागतं. तो कुणीतरी मी. शेजारचे अप्पा मात्र मी दिसलो की विचारतात, "सध्या घरीच?" गोव्यात माणूस एकतर सरकारी नोकरीत असतो, नाहीतर बोटीवर. उरलेले सगळे घरीच.

पूर्वी ही कामं एका एजन्सीमार्फत मिळायची. एजन्सी कंपनीला बिल लावायची आणि त्यातलं काही मला द्यायची. त्यातलं किती, हे गुपित होतं. एकदा कंपनीच्या टेबलावर माझ्याच कामाची परचेस ऑर्डर उघडी पडली होती. समोरच्याचा कागद उलट्या बाजूने वाचण्याची विद्या मी शाळेत मास्तरांच्या मार्कांच्या वहीवर कमावलेली. आकडा वाचला आणि ठरवलं, यापुढे डायरेक्ट. करारातल्या अटीमुळे त्या कंपनीकडे वर्षभर फिरकायची सोय नव्हती. पण वेर्णे, कुंडई, पिळर्ण, औषधाच्या कारखान्यांचा गोव्यात काय तुटवडा आहे?

म्हाळसादेवी पोर्तुगिजांच्या काळात वेर्णे सोडून म्हार्दोळला आली. मी उलटा, म्हार्दोळहून बोरीचा पूल ओलांडून वेर्ण्याला जाऊ लागलो. देवीकडे इथे निदान कुणी व्हिजिटर पास मागितला नव्हता.

"कोणाक मेळपाचें?" गेटवरच्या सिक्युरिटीने विचारलं.

"क्यूएच्या, म्हणजे क्वालिटीच्या साहेबांना."

"अपॉइंटमेंट आसा?"

नव्हती. त्याने रजिस्टरमध्ये 'कामाचं स्वरूप' या रकान्यात माझ्या देखत 'सेल्समन' लिहिलं. मग पेन ठेवून खऱ्या मुलाखतीला सुरुवात केली. "खंयचो तूं?" म्हार्दोळचा. "कोणाचो?" वडिलांचं नाव सांगितलं, तर त्याचा मेव्हणा वडिलांच्या हाताखाली कामाला होता असं निघालं. मला खुर्ची मिळाली, पंख्याचं तोंड माझ्याकडे वळलं, घरच्या सगळ्यांची चौकशी झाली. गेट मात्र उघडलं नाही. ओळख वेगळी, पास वेगळा.

पुढे पुढे गेटं उघडली, तेव्हा आतलं शास्त्र कळलं. एचआरकडे जावं तर ते म्हणतात, "कंत्राटी माणूस आम्ही एजन्सीकडूनच घेतो." परचेसकडे जावं तर ते म्हणतात, "आम्ही माणूस घेत नाही, माल घेतो." माल म्हणून मी कशात मोजला जातो, नगात की किलोत, हे तिथे कुणालाच ठरवता येईना. या दोघांच्या मध्ये जो बोळ असतो त्यात बहुतेक फ्रीलान्सरांचं आयुष्य जातं. त्यातून बाहेर पडायची वाट एकच. ज्या खात्याच्या शेपटीला आग लागली आहे, ते खातं गाठायचं.

आग लागण्याचे मुहूर्त असतात. अमेरिकेच्या एफडीएचे इन्स्पेक्टर कारखाना तपासून जाताना 483 नंबरचा फॉर्म हातात ठेवून गेले, की त्यातल्या उणिवांवर 15 कामकाजाच्या दिवसांत उत्तर देण्याची धावपळ सुरू होते. 2023च्या अखेरीस आपल्या सरकारने औषधनिर्मितीचे नियम, म्हणजे शेड्यूल एम, नव्याने लिहिले. लहान-मध्यम कारखान्यांना मुदत वाढवता वाढवता 2025चा डिसेंबर आला. अशा वेळी क्यूएच्या माणसाला रात्री झोप नसते आणि एसओपी लिहिणारा त्याला साक्षात धन्वंतरी वाटतो. हे कळल्यापासून मी परक्या कारखान्यांच्या इन्स्पेक्शनच्या तारखांवर, लोक एकादशीवर ठेवतात तशी, नजर ठेवतो.

तरीही सांगायला हवं, पहिलं मोठं काम मला या शास्त्राने मिळवून दिलेलं नाही. ते मावशीने मिळवलं. मी पाठवलेल्या ईमेल एका कंपनीच्या क्यूए साहेबांच्या इनबॉक्समध्ये पडून होत्या, लिंक्डइनवर माझा निरोप त्यांनी 'पाहिला' होता. इकडे जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेला मावशी देवळात साहेबांच्या सासूबाईंशेजारी बसली आणि म्हणाली, "माझा भाचा कंपनीचे कागद लिहितो. अक्षर सुंदर." माझं अक्षर डॉक्टरालाही लाजवील असं आहे, आणि एसओपी हाताने लिहीत नाहीत. पण सोमवारी साहेबांचा स्वतःहून फोन आला.

भेटीत त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मध्ये एजन्सी नाही, म्हणजे रेट कमी असेल ना?" मी एजन्सी सोडली ती तिचा वाटा मला मिळावा म्हणून. कंपनी मला थेट घेत होती ती तोच वाटा आपला वाचावा म्हणून. एका वाट्याचे दोन वारस, आणि गोव्यात असल्या वाटण्या कोर्टात किती पिढ्या चालतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. शेवटी चहा दोनदा झाला आणि आकडा मधोमध कुठेतरी बसला.

मग आला व्हेंडर नोंदणीचा फॉर्म. एजन्सीत असताना तो माझ्या नजरेलाही पडला नव्हता, आणि एजन्सीने घेतलेल्या पैशांतले निम्मे तरी रास्त होते असं तो भरताना वाटून गेलं. कारखान्याचं क्षेत्रफळ? 'पडवी' लिहिलं. कामगारांची संख्या? एक. कामगारांसाठी स्वच्छतागृहाची सोय? आहे. अग्निशमन यंत्रणा? विहीर. प्लांट अँड मशिनरी? 'लॅपटॉप 1, इन्व्हर्टर 1.' इन्व्हर्टर लिहिताना छाती जरा फुगली. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आहे म्हणणारा माणूस भांडवलदारच. जीएसटी नंबरपुढे लाल फुली होती. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, हे मी परचेसच्या पोराला समजावलं. त्याला पटलं. सिस्टीमला पटेना. त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र, त्यावर सही, शिक्का. माझा शिक्का नव्हता. फोंड्यात जाऊन करून आणला. त्यावर माझ्या नावाखाली 'प्रोप्रायटर' आहे, आणि तो पाहिल्यापासून अप्पा 'घरीच' जरा अदबीने म्हणतात.

काम झालं, बिल गेलं. बिलातून 10 टक्के टीडीएस कापला जाणार हे ठाऊक होतं. कापायला आधी पैसे निघावे लागतात हे लक्षात आलं नव्हतं. अकाउंट्सला फोन केला की कधी "सायब जेवपाक गेला", कधी सिस्टीम बंद, आणि बाकी सगळ्या वेळी "फाल्यां". हे 'फाल्यां', म्हणजे 'उद्या', कुठल्याच कॅलेंडरवर येत नाही. मी कायदा वाचून काढला. 2006चा लघुउद्योगांचा कायदा सांगतो की उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढ. त्यात 2024च्या एप्रिलपासून मुदतीत न दिलेलं असं बिल, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, कंपनीला खर्चात धरून आयकर वाचवता येत नाही. माझी नोंदणी होती. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, तरी पैसे घेऊन करून देणारे एजंट आहेतच. हे सगळं मी अतिशय नम्र शब्दांत ईमेलने कळवलं. उत्तर आलं, "नोटेड."

मावशीने विचारलं, "त्या अकाउंट्सवाल्याचं आडनाव काय?" सांगितलं. "शिरोड्याचे ते? त्याची आई माझ्या वर्गात होती." संसदेने केलेला कायदा, रिझर्व्ह बँकेचा दर आणि आयकर खातं, तिघांनी मिळून जे झालं नाही ते त्या आईच्या एका फोनने शुक्रवारी संध्याकाळी झालं. पैसे आले. व्याज नाही आलं, पण मावशीच्या वर्गमैत्रिणीच्या मुलाकडे चक्रवाढ व्याज कोण मागणार?

मावशी टक्केवारी घेत नाही. एजन्सीशी व्यवहार महिन्याच्या महिन्याला मिटायचा. मावशीशी मिटत नाही. तिचे ओटीपी मी वाचून दाखवतो, गॅस बुक करतो, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गाडी घेऊन जातो आणि हरमलची मिरची व हळदोण्याची मिरची यांवर तिची मतं ऐकतो. कराराला मुदत नाही आणि तो सोडण्याचं कलम नाही.

परवा तिने नवीन फर्मान काढलं. जत्रेला नाटक आहे, मंडळाची स्मरणिका निघायची आहे. "तुझी त्या कंपनीत ओळख आहे ना? मागच्या पानाची जाहिरात आण." मी कुठे काय बोलणार? साहेबांना विचारलं. साहेब चांगला माणूस, लगेच हो म्हणाले आणि परचेसकडे पाठवलं. परचेसचा पोरगा म्हणाला, जाहिरातीचे पैसे द्यायचे तर मंडळ आधी व्हेंडर म्हणून नोंदवावं लागेल. आणि तोच फॉर्म हातात ठेवला.

मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, तुला सवय आहे, तूच भर. आत्ता तेच चाललंय. मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद: तोटा, तोटा, पावसामुळे प्रयोग रद्द. कामगारांची संख्या: पात्रं 11, प्रॉम्प्टर 1. प्लांट अँड मशिनरी: पेटी 1, तबला-डग्गा 1 जोड, पडदे 2 (राजवाडा, जंगल, पैकी जंगल फाटलेलं).