शंभर दिवसांत दुप्पट? परदेशी फोन आणि नेटबद्दलच्या फॉरवर्डला उत्तर

ठाणे-नवी मुंबईच्या ग्रुपांवर अधूनमधून वर येणारा एक फॉरवर्ड आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: जगातला इंटरनेट ट्रॅफिक दर शंभर दिवसांनी दुप्पट होतो. व्हॉट्सॲपमुळे परदेशी फोन कॉल संपले आणि टेलिफोनच्या केबल रिकाम्या पडल्या. आता सगळं उपग्रहावरून येतं. तरीही (हे ‘तरीही’ लिहिणाऱ्याला खटकलेलं दिसत नाही) तांबड्या समुद्रात केबल तुटली की भारत ऑफलाइन होणार. आणि डेटा सेंटर ऐरोली-महापेला असल्यामुळे नवी मुंबईकरांचं नेट आपोआप वेगवान. शेवटी सल्ला: फायबर कंपन्यांचे शेअर आत्ताच घ्या.

यातलं एकही विधान धड नाही. पण प्रत्येकात खऱ्याचा एखादा तुकडा आहे, म्हणून एकेक घेऊ.

‘दर शंभर दिवसांनी दुप्पट’

आधी गुणाकार करून बघा. शंभर दिवसांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेबारा पट आणि पाच वर्षांत तीन लाख पटीहून जास्त. टेलिजिऑग्राफी ही संशोधन संस्था आंतरराष्ट्रीय इंटरनेट क्षमतेची दरवर्षी मोजदाद करते. तिच्या हिशेबाने ही क्षमता २०२२ मध्ये ९९७ टेराबिट (एक टेराबिट म्हणजे हजार गिगाबिट) प्रति सेकंद होती, २०२३ मध्ये १,२१७ आणि २०२४ मध्ये १,४७९. वाढ वर्षाला साधारण २२ टक्के, म्हणजे दुप्पट व्हायला सुमारे साडेतीन वर्षं. २०२० साली अख्खं जग घरात बसून व्हिडिओ कॉल करत होतं, तेव्हासुद्धा वाढ ३५ टक्क्यांच्या आसपास होती.

साडेबारा पट खरी धरली तर २०२४ च्या पुढच्या एकाच वर्षात सुमारे १७,००० टेराबिटची भर लागली असती. टूआफ्रिका ही ४५,००० किलोमीटरची केबल १८० टेराबिटची आहे. ही सगळी भर समुद्रातूनच टाकायची तर तशा ९५ केबल एका वर्षात उतरवाव्या लागतील, त्याही पहिल्या दिवसापासून भरलेल्या. टूआफ्रिकाची घोषणा २०२० ची आणि तिचा मुख्य भाग पूर्ण झाला २०२५ मध्ये.

मग हे शंभर दिवस आले कुठून? १९९५-९६ च्या सुमारास, वेब नुकतंच पसरत होतं तेव्हा, अमेरिकेत ट्रॅफिक खरोखर तीन-चार महिन्यांत दुप्पट होत होता. तो काळ संपला, आकडा मात्र राहिला. अमेरिकेतली टेलिफोन कंपनी वर्ल्डकॉम आणि तिची इंटरनेट शाखा यूयूनेट तो सांगत राहिल्या आणि एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या अहवालातही तो छापला गेला. एटी अँड टी लॅब्समधले अँड्र्यू ओडलिझ्को आणि केरी कॉफमन यांनी त्याच वर्षी प्रत्यक्ष मोजणी मांडली. ट्रॅफिक वर्षाला सुमारे दुप्पट होत होता. वाढ भरघोस होती, पण साडेबारा पट आणि दोन पट यात फरक आहे, आणि त्या फरकावर लोकांनी पैसे लावले. समुद्रात आणि जमिनीत बेसुमार फायबर पडली, ग्राहक आले नाहीत. समुद्री केबलवाल्या कंपन्यांपैकी ग्लोबल क्रॉसिंग जानेवारी २००२ मध्ये, फ्लॅग टेलिकॉम एप्रिलमध्ये आणि वर्ल्डकॉम जुलैमध्ये दिवाळखोरीत गेली.

इथे आपल्या भागाचा संबंध येतो. दिवाळखोरीतून बाहेर आलेली फ्लॅग रिलायन्सने सुमारे २०.७ कोटी डॉलरला घेतली. तेव्हा रिलायन्सच्या टेलिकॉम व्यवसायाचा डोलारा कोपरखैरणेच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून चालायचा. विदेश संचार निगमने, म्हणजे आजच्या टाटा कम्युनिकेशन्सने, टायकोचं समुद्री जाळं १३ कोटी डॉलरला उचललं. ते उभारायला अब्जावधी डॉलर लागले होते. शंभर दिवसांच्या आकड्यावर विश्वास ठेवून शेअर घेणाऱ्यांचं भांडवल बुडालं आणि केबल भारतीय कंपन्यांना मातीमोलाने मिळाल्या. फॉरवर्डच्या शेवटच्या सल्ल्याला एवढं उत्तर पुरे.

आणखी एक घोळ इथेच मिटवू. क्षमता वेगळी, ट्रॅफिक वेगळा. लिंक, म्हणजे इंटरनेटची जोडणी, घेणारा रात्री नऊ ते अकराची गर्दी धरून क्षमता घेतो; पहाटे चारला त्यातली बरीचशी मोकळी असते. मोठ्या लिंकचं बिल बहुधा ९५ व्या पर्सेंटाइलवर येतं. दर पाच मिनिटांचा एक नमुना, म्हणजे ३० दिवसांचे ८,६४० नमुने. त्यातले सर्वांत वरचे ५ टक्के, म्हणजे ४३२ नमुने किंवा ३६ तास, सोडून द्यायचे आणि उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर बिल करायचं. महापेच्या एखाद्या कंपनीचा बॅकअप रोज रात्री परदेशातल्या सर्व्हरवर पूर्ण वेगाने ७० मिनिटं जात असेल तर महिन्याचे ३५ तास होतात आणि तो बिलात दिसतच नाही. तोच ९० मिनिटांवर गेला की ४५ तास होतात आणि बिल एकदम बॅकअपच्या वेगावर जाऊन बसतं. ट्रॅफिक दुप्पट झालेला नसतो, बिल मात्र दुप्पट होऊ शकतं. अशा बिलाचा फोटो पुरावा म्हणून फिरवू नये.

‘परदेशी कॉल संपले, केबल रिकाम्या’

पहिला अर्धा भाग अतिशयोक्ती आहे, दुसरा सरळ चूक.

टेलिजिऑग्राफीच्याच अंदाजाने २०१३ मध्ये टेलिफोन कंपन्यांमार्फत ५४७ अब्ज मिनिटांचे आंतरराष्ट्रीय कॉल झाले आणि एकट्या स्काइपवर आणखी २१४ अब्ज मिनिटं. त्यानंतर एक-दोन वर्षांत कंपन्यांची मिनिटं शिखरावर पोचली आणि उतरू लागली. बोलणं कमी झालं नाही, मोजणाऱ्याच्या मीटरबाहेर गेलं.

तरी कॉल उरलेच. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचा व्हॉइस कॉल बंद असतो, तिथे बोटिमसारखी परवाना असलेली ॲप किंवा साधा फोन. त्यामुळे दुबईतला भाचा कळव्याच्या मावशीला आजही पुष्कळदा साधाच फोन लावतो. बँकांचे कॉल, रोमिंग, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते लोक, हे सगळं मिनिटांतच मोजलं जातं. परदेशातून आलेला कॉल भारतात पोचवण्यासाठी इथली कंपनी मिनिटाला ठरावीक आकार घेते. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, तो २०१८ मध्ये ५३ पैशांवरून ३० पैशांवर आणला आणि मे २०२० पासून ३५ ते ६५ पैशांच्या पट्ट्यात मोकळा सोडला. हा आकार चुकवायलाच सिमबॉक्स चालतात: कॉल इंटरनेटवरून आत आणायचा आणि रॅकमध्ये बसवलेल्या स्थानिक सिममधून पुढे सोडायचा. तुमच्या फोनवर भारतातला नंबर दिसतो आणि सरकारी आकडेवारीत एक आंतरराष्ट्रीय मिनिट कमी होतं. उलटा प्रकारही आहे: परदेशातून येणारा, पण +९१ दाखवणारा बनावट कॉल. दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये असे कॉल अडवणारी प्रणाली सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांत सुमारे १.३५ कोटी कॉल अडवल्याचं जाहीर झालं. जो धंदा ‘संपला’ त्यातला हा फक्त खोटा माल.

आता रिकाम्या केबलचं. ५४७ अब्ज मिनिटांना वर्षातल्या ५,२५,६०० मिनिटांनी भागा. कुठल्याही क्षणी सरासरी दहा लाख चाळीस हजार कॉल चालू. जुन्या पद्धतीने एका कॉलला प्रत्येक दिशेला ६४ किलोबिट प्रति सेकंद लागतात. गुणाकार येतो साधारण ६७ गिगाबिट. गर्दीच्या वेळी तिप्पट धरलं तरी २०० गिगाबिट. टूआफ्रिकामध्ये फायबरच्या १६ जोड्या आहेत, म्हणजे जोडीला ११ टेराबिटच्या वर. जगातले सगळे परदेशी फोन कॉल एका केबलच्या एका जोडीच्या दोन टक्क्यांत मावतात.

म्हणजे कॉलनी केबल कधी भरल्याच नव्हत्या? भरल्या होत्या, पण त्या केबलच तेवढ्या होत्या. १९५६ ची अटलांटिक पार करणारी पहिली टेलिफोन केबल, टीएटी-१, एका वेळी ३६ कॉल नेत असे. १९८८ ची पहिली अटलांटिक फायबर केबल, टीएटी-८, चाळीस हजार. मिनिटाला दोन आकडी रुपये पडायचे त्या काळात मिनिटं हे उत्पन्नाचं माप होतं, जागेचं नव्हे. आज आंतरराष्ट्रीय क्षमतेचा बहुतांश वापर गूगल, मेटा, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांच्यासारख्या कंपन्या करतात, आणि त्यातला मोठा भाग एका डेटा सेंटरहून दुसरीकडे स्वतःच्याच प्रती पाठवण्यात जातो.

‘सगळं उपग्रहावरून’

खंडांमधला ९५ टक्क्यांहून जास्त डेटा समुद्राखालून जातो. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर असतो. सिग्नल वर-खाली जाऊन परत वर-खाली आला की १,४३,००० किलोमीटर होतात आणि नुसत्या प्रवासालाच जवळपास ४८० मिलिसेकंद लागतात. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर असल्यामुळे हा विलंब फार कमी होतो, पण अशा सेवेचा डेटाही बहुतेक वेळा जमिनीवरच्या गेटवेला उतरतो आणि तिथून फायबरनेच पुढे जातो. माळशेजच्या पलीकडच्या वाडीला ती उपयोगी. घोडबंदर रोडच्या टॉवरला नाही.

‘केबल तुटली की भारत बंद’

हे २००८ मध्ये खरं होण्याच्या जवळ होतं. ३० जानेवारीला अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबल तुटल्या, दोन दिवसांनी दुबईजवळ फाल्कन तुटली, आणि भारताची पश्चिमेकडची निम्म्याच्या आसपास क्षमता गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये, बुडत्या रुबीमार जहाजाचा नांगर तांबड्या समुद्रात फरफटला असावा असं मानलं जातं, तेव्हा एएई-१, ईआयजी आणि सीकॉम/टीजीएन या केबल तुटल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ सी-मी-वी-४ आणि आयएमईडब्ल्यूई. दोन्ही वेळा इथे नेट मंदावलं, बंद पडलं नाही.

कारण दोन. पूर्वेकडे चेन्नई-सिंगापूरचा मार्ग आहे आणि २०२२ च्या अखेरीस भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल उतरत होत्या. ट्रायच्या नोंदीत तेव्हा उजळलेली (यंत्रं बसवून तयार ठेवलेली) क्षमता १३८.६ टेराबिट आणि कार्यान्वित (प्रत्यक्ष वापरात घेतलेली) १११.१ टेराबिट. मधला फरक हाताशी असलेली जागा, अर्थात ती न तुटलेल्या केबलवर असेल तरच. दुसरं कारण: यूट्यूब, नेटफ्लिक्स, इन्स्टाग्राम यांचा बहुतेक माल मुंबई परिसरातल्या कॅशमधूनच, म्हणजे जवळच साठवलेल्या प्रतींतून, मिळतो, तो रोज समुद्र ओलांडत नाही.

त्रास होतो तो वेगळ्यांना. लंडन किंवा फ्रँकफर्टच्या सर्व्हरवर काम करणाऱ्याचा फेरीचा वेळ सव्वाशे मिलिसेकंदांच्या आसपास असतो. ट्रॅफिक सिंगापूर आणि पॅसिफिकमार्गे वळला की तो अडीचशेच्या वर जातो. व्हीपीएनवरचा रिमोट डेस्कटॉप अडखळतो, मोठी फाइल अर्ध्यात सुटते. उरलेल्या मार्गांवर गर्दी होऊन डेटाची पाकिटं (पॅकेट) गळतात आणि तो त्रास विलंबापेक्षा वाईट.

दुरुस्तीला वेळ का लागतो, हेही फॉरवर्डात नसतं. किनाऱ्यावरच्या स्टेशनातून प्रकाशाचा स्पंद सोडतात आणि प्रतिध्वनीच्या वेळेवरून अंतर काढतात: काचेत एका किलोमीटरच्या जाण्यायेण्याला दहा मायक्रोसेकंद. दर ६० ते १०० किलोमीटरला प्रवर्धक, म्हणजे सिग्नलला जोर देणारं यंत्र, असतो आणि त्याच्या पलीकडचं पाहायला साधं मोजयंत्र चालत नाही, खास (कोहेरंट) पद्धतीचं लागतं. प्रवर्धकांना किनाऱ्यावरून १० ते १५ हजार व्होल्टपर्यंत डीसी पुरवठा जातो. फायबर शाबूत असून नुसतं वेष्टण फाटलं असेल, तर दोन्ही टोकांचे व्होल्टेज जुळवून केबल कधीकधी तशीच चालवता येते. तुटलीच असेल तर जहाज आकडा टाकून एक टोक वर घेतं, तपासतं, बोयाला (तरंगत्या पिंपाला) बांधतं, दुसरं टोक वर घेतं आणि मध्ये नवा तुकडा जोडतं. सांधा करायला जवळपास अख्खा दिवस. आठवडे जातात ते जहाज मोकळं होण्यात आणि त्या देशाच्या परवानगीत. युद्धाच्या पाण्यात तर महिने. बहुतेक केबल तुटतात त्या मासेमारीच्या जाळ्यांनी आणि नांगरांनी. शार्कचं नाव उगाच मोठं झालं आहे.

‘नवी मुंबईचं नेट आपोआप वेगवान’

केबल ऐरोलीला उतरत नाहीत. त्या वर्सोव्यासारख्या मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरतात आणि तिथून जमिनीवरच्या फायबरने रबाळे, महापे, ऐरोली, पनवेलच्या डेटा सेंटरांपर्यंत येतात. खणणारा जेसीबी हा या टप्प्याचा खरा शत्रू.

तुमच्या घरापासून रॅक दोन किलोमीटरवर असला तरी तुमच्या इंटरनेट कंपनीचं त्या जाळ्याशी पिअरिंग, म्हणजे थेट जोडणी, कुठे होतं यावर वेग ठरतो. तपासणं सोपं आहे. वायफाय सोडून केबलने राउटरला लॅपटॉप जोडा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘ट्रेसर्ट’ (tracert) ही आज्ञा आणि साइटचं नाव द्या. फेरीच्या वेळेत एक मिलिसेकंद म्हणजे फार तर १०० किलोमीटर फायबर. शेवटच्या ओळीला ३ ते ५ दिसले तर सर्व्हर जवळच आहे. ६० दिसले तर तो बहुधा सिंगापुरात आहे, नाहीतर तुमची पाकिटं तिथे जाऊन परत येताहेत. मधल्याच एखाद्या ओळीला आकडा मोठा आणि पुढे पुन्हा लहान असेल तर काळजी नको. तो राउटर उत्तर द्यायला आळशी आहे, एवढंच. चाचणी सकाळी सातला आणि रात्री दहाला, दोन्ही वेळा करा. फक्त रात्रीच आकडा वाढत असेल तर तुमच्या कंपनीची लिंक भरते आहे आणि तक्रार दोन्ही नोंदींसह करा.

वागळे इस्टेट किंवा महापेला ऑफिससाठी दोन लिंक घेत असाल तर दोन कंपन्यांची दोन बिलं पाहून समाधान मानू नका. खाडी ओलांडायला जागा मोजक्याच आहेत. दोन्ही फायबर कुठून येतात, रस्त्याच्या कोणत्या बाजूच्या चरातून इमारतीत शिरतात आणि परदेशासाठी एक पश्चिमेने व एक चेन्नईमार्गे जाते का, हे लेखी मागा.